कोरा रकाना काय सांगतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, नागरी सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी काम करते. आमच्या सहा शाखा आहेत. दीड वर्षापूर्वी कर्ज मागणी अर्जाचा नवा नमुना करण्याचं काम माझ्याकडे आलं. शाखांकडून अर्धवट अर्ज येतात अशी तक्रार होती, म्हणून काहीच सुटू नये असा नमुना मी केला. चार पानांचा अर्ज नऊ पानांचा झाला. ठळक अक्षरांत सूचना छापल्या. तरी अर्ज अर्धवटच येतात, उलट जास्तच. दोन शाखा तर अजून जुन्या अर्जाच्या झेरॉक्स वापरतात. थकबाकीची नोटीस, मंजुरीपत्र, संचालक मंडळापुढची टिपणी यांचेही नमुने वर्डमध्ये करून दिले, पण सगळे मागचंच पत्र उघडतात आणि नाव बदलतात. गेल्या महिन्यात एका नोटिशीत वर एका कर्जदाराचं नाव आणि खाली दुसऱ्याचीच रक्कम गेली. ते गृहस्थ कार्यालयात येऊन सगळ्यांसमोर बोलले. आमचे व्यवस्थापक म्हणतात, अर्धवट अर्ज पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याला दंड लावा. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. लोकांना शिस्त कशी लावायची?

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते, कारण त्यात तुम्ही एक गोष्ट आधीच धरून चालला आहात. रकाना कोरा राहिला, म्हणजे भरणाऱ्याने हयगय केली. तसं असतं तर नऊ पानं आणि ठळक सूचना यांनी काहीतरी सुधारायला हवं होतं. तुमच्याच सांगण्याप्रमाणे उलटं झालं. कोरा रकाना हेसुद्धा एक उत्तर असतं. भरणारा त्यातून सांगत असतो की मला हे कळलं नाही, किंवा माझ्याकडे हे नाही, किंवा हे इथे सांगायला मला नको वाटतं. आपण ते उत्तर वाचत नाही आणि अर्ज परत पाठवतो.

हे मी कुठे शिकले ते सांगते. मी बरीच वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात होते. फी सवलतीच्या अर्जाचा नमुना माझ्याकडे असायचा. एका जुलै महिन्यात एक मुलगी खिडकीशी उभी राहून अर्ज भरत होती. पहिली दोन पानं तिने भराभर लिहिली, अक्षर मोत्यासारखं. तिसऱ्या पानाच्या तळाशी तिचं पेन थांबलं. तिने टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग अर्जाची घडी केली आणि निघून गेली. मुदत संपायच्या दिवशी दुपारी ती परत आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आईची चालेल का?" त्या जागी छापलं होतं, 'वडिलांची सही'. नियमात शब्द होता 'पालक'. कधीतरी कोणीतरी टाइप करताना 'वडिलांची' लिहिलं आणि पुढे दरवर्षी मी तेच छापून घेत राहिले. एक शब्द बदलायला दोन मिनिटं लागली. त्याआधीच्या वर्षांत किती मुलं अशी घडी घालून गेली आणि परत आलीच नाहीत, हे मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मी अर्जात आधी ती जागा शोधते जिथे पेन थांबतं.

तुमच्याकडे ती शोधायचं साधन कपाटात पडलेलं आहे. गेल्या तीन-चार महिन्यांत आलेले तीस अर्ज काढा. सहाही शाखांचे घ्या. मंजूर झालेले, नामंजूर झालेले, परत पाठवलेले, सगळे मिसळून. मग एक कोरा अर्ज टेबलावर ठेवा आणि त्याच्या प्रत्येक रकान्यात रेघा मारत चला. रकाना रिकामा असेल तर निळी रेघ, खाडाखोड असेल तर लाल, आणि शेजारी समासात काही लिहिलं असेल तर हिरवी. दोन दुपारींचं काम आहे, कोणावर सोपवू नका, स्वतः करा. तीस अर्ज झाले की त्या कोऱ्या अर्जाकडे बघा. तुमचा नमुना कुठे दुखतोय ते रंगांत दिसेल.

जो रकाना सहाही शाखांत निळा आहे, तो एकतर नको आहे किंवा त्याची भाषा कोणाला कळत नाही. एकाच शाखेत निळा असेल तर त्या शाखेत फोन करून नीट विचारा, कारण तिथे वेगळं काहीतरी चाललेलं असतं. लाल रेघा दाट असतील तिथे माणसाला आधी एक वाटलं आणि पुढचा प्रश्न वाचल्यावर दुसरं कळलं, म्हणजे प्रश्नांचा क्रम चुकला. हिरव्या रेघा मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. समासात लिहिणारा माणूस मेहनत करून तुम्हाला सांगत असतो की माझ्या परिस्थितीला तुमच्या अर्जात जागा नाही. 'पगार रोख मिळतो, पावती नाही.' 'जमीन तिघा भावांत, वाटप बाकी.' अशा गोष्टी तीसपैकी सात-आठ अर्जांवर सापडल्या, तर तो रकाना नमुन्यात यायलाच हवा.

दंडाला मी विरोध का करते, तेही इथेच सांगते. ज्या दिवशी दंड लागेल त्या दिवसापासून तुम्हाला एकही रकाना कोरा दिसणार नाही. शाखेतला माणूस स्वतःच सगळीकडे 'निरंक' लिहील, नाहीतर आडवी रेघ मारेल. अर्ज पूर्ण दिसेल आणि त्यातली माहिती खोटी असेल. आज कोरा रकाना निदान खरं बोलतो. व्यवस्थापकांना हे असंच सांगा. कर्ज बुडण्याच्या भाषेत सांगितलंत तर त्यांना लगेच पटेल.

मोजणी झाल्यावर पेन्सिल घेऊन प्रत्येक रकान्यामागचा माणूस शोधायचा. हे उत्तर कोण वाचतो? ते वाचून काय ठरवतो? ते मिळालं नाही तर नेमकं काय अडतं? ब्रिटनमध्ये फॉर्म या विषयावर अनेक वर्षं काम करणाऱ्या कॅरोलिन जॅरेट यांनी नमुना करण्याआधी प्रत्येक प्रश्नाची अशीच चौकशी करायची पद्धत रूढ केली. आपल्याकडे तिची गरज जास्तच आहे, कारण आपल्या अर्जांत ओळी येतात, पण जात नाहीत. राज्य शासनाने २०१५ साली साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकारायचं ठरवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं 'राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली प्रत जोडावी' ही ओळ मी छापील अर्जांवर वाचली आहे. त्या एका ओळीपायी लोक सही-शिक्क्यासाठी दारोदार फिरत राहिले.

तुमच्या नऊ पानांत अशा ओळी नक्की असतील. शिवाय जी माहिती संस्थेच्या संगणकात आहे, ती सभासदाला पुन्हा का विचारायची? सभासद क्रमांक लिहिला की जन्मतारीख, पत्ता, वारस, भाग (शेअर), ठेव सगळं शाखेत दिसतं. ते छापून त्याच्यापुढे ठेवा आणि 'यात काही बदललं आहे का?' एवढंच विचारा. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचा सूरही हाच आहे, की ज्या कामासाठी माहिती हवी त्या कामापुरतीच मागावी. एक सावधगिरी मात्र ठेवा. कायद्याने किंवा उपविधीने ठरवून दिलेले नमुने, म्हणजे 'आय' नमुन्यातली सभासद नोंदवही, 'जे' नमुन्यातली सभासदांची यादी, यांना हात लावायचा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुलीचे कागद वकिलांना दाखवल्याशिवाय बदलायचे नाहीत. तुमचा हक्क संस्थेने स्वतः केलेल्या नमुन्यांवर आहे आणि तेवढंच काम पुरेसं मोठं आहे.

आता क्रम. बहुतेक अर्ज कार्यालयाच्या सोयीने सुरू होतात: शाखा, आवक क्रमांक, कर्ज प्रकार संकेतांक, मंजुरी ठराव क्रमांक. समोरचा माणूस पहिल्या दहा सेकंदांतच बुजतो, कारण पहिले चार रकाने त्याचे नसतातच आणि ते सोडायचे की भरायचे हे त्याला कळत नाही. कार्यालयाचा सगळा भाग शेवटच्या पानावर न्या, चौकटीत, 'हे संस्था भरेल' असं लिहून. सभासदाची सुरुवात त्याच्या मनात जे आहे तिथून होऊ दे. किती रुपये हवेत, कशासाठी हवेत, महिन्याला किती फेडता येतील. घरून निघताना तो हाच हिशोब करत आलेला असतो. कागदपत्रांची यादी अर्जाच्या शेवटी देऊ नका; तो अर्ज घेऊन जातो तेव्हाच, पहिल्या पानावर द्या, म्हणजे दुसरी फेरी वाचेल.

भाषेबद्दल एकच उदाहरण देते. 'अर्जदाराचे सर्व वैधानिक वजावटींनंतरचे निव्वळ मासिक उत्पन्न' असं छापलंत तर निम्मे लोक मूळ पगार लिहितील आणि निम्मे सोडून देतील. 'दर महिन्याला हातात किती पैसे येतात?' असं विचारलंत की आकडा येतो. शिवाय आपल्याकडे सगळ्यांचा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. ऊसवाल्याचा पैसा कारखान्याच्या बिलाबरोबर येतो, दूधवाल्याचा दहा-पंधरा दिवसांनी, गवंड्याचा आठवड्याच्या बाजाराला. तेव्हा 'किती' बरोबर 'केव्हा' हेही विचारा. हप्ता कधी ठेवायचा ते त्यातूनच ठरेल, आणि मला वाटतं काही थकबाकी तिथेच कमी होईल.

ज्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असू शकतं, तिथे 'नाही' लिहायची सोय द्या. 'इतर संस्थांकडील कर्जाचा तपशील' असा मोकळा रकाना कोरा आला, तर कर्ज नाही की सांगायचं नाही, हे तुम्ही कसं ओळखणार? 'दुसरीकडे कर्ज आहे का?' पुढे 'आहे' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. 'आहे' वर खूण केली तरच खाली तपशील. यापेक्षा स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

आता कागदावरच्या जागेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण याकडे कोणी बघतच नाही. आपले बरेचसे नमुने इंग्रजी अर्जावरून उचललेले आहेत, आणि इंग्रजीत चालणारी एका अक्षराला एक घर ही पद्धत देवनागरीत चालत नाही. 'ज्योत्स्ना' हे नाव घरांत लिहून बघा. दोन घरं लागतात, की चार, की सहा? वेलांटी कुठल्या घरात, काना कुठल्या? प्रत्येक जण वेगळं लिहितो आणि संगणकावर भरणारा तिसरंच वाचतो. नावाला आणि पत्त्याला मोकळी ओळ द्या. घरं फक्त अंकांना आणि इंग्रजी कोडला द्या. मोबाइलला दहा, आधारला बारा, चार-चारच्या गटांत. आयएफएससी कोडला अकरा, आणि त्यातलं पाचवं घर तुम्हीच शून्य छापून द्या. तिथे नेहमी शून्यच असतं आणि लोक नेहमी इंग्रजी 'ओ' लिहितात. तारखेला आठ घरं, खाली बारीक अक्षरांत दि दि, म म, व व व व. चेकमुळे लोकांच्या हाताला ती सवय आहे.

ओळीची उंचीही बघा. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार लागतो आणि खाली उकार. शाळेत आपण दुरेघी वहीत शिकलो ते उगाच नाही. दोन ओळींत नऊ-दहा मिलिमीटर अंतर ठेवा. ए-फोर कागदाची उंची २९७ मिलिमीटर, वरखालचा समास सोडला तर एका पानावर साधारण पंचवीस ओळी बसतात. त्यापेक्षा जास्त बसवायच्या म्हटल्या तर अक्षर चिरडतं, आणि साठीच्या माणसाला ते वाचवत नाही. पानं कमी करायची असतील तर प्रश्न कमी करा, ओळी दाटीवाटीने बसवू नका. डाव्या समासात फाइलला भोकं पाडायची जागा सोडा, नाहीतर तिथला मजकूर पंचिंगमध्ये जातो. राखाडी छटेच्या चौकटी टाळा. झेरॉक्सची झेरॉक्स झाली की त्या काळ्या होतात आणि आतलं काही दिसत नाही.

नावाचा रकाना हा आपल्या राज्यात वेगळाच विषय आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या हातातले निम्मे कागद माहेरच्या नावाचे. 'संपूर्ण नाव' एवढंच छापलंत तर या सगळ्या गोंधळाची जबाबदारी तुम्ही तिच्यावर टाकता. 'आडनाव', 'स्वतःचं नाव', 'वडिलांचं किंवा पतीचं नाव' असे वेगळे भाग करा, आणि खाली एक ओळ द्या: 'कागदपत्रांवर वेगळं नाव असल्यास ते इथे लिहा.' १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय दस्तऐवजांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे. तुमच्याकडे अल्पवयीन मुलांच्या नावे ठेवी येत असतील. त्या अर्जात आईच्या नावाची जागा आत्ताच करून ठेवा.

इतका वेळ मी सोपं करा, कमी करा असं सांगत आले. जामीनदाराच्या पानाबद्दल मी उलट सांगणार आहे. ते पान सावकाश भरलं जायला हवं. आपल्याकडे जामीन हा शब्दाखातर दिला जातो. मित्र म्हणतो, फक्त एक सही हवी. तो सही करतो, आणि तीन वर्षांनी नोटीस येते तेव्हा त्याला कळतं की १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अर्जाच्या सातव्या पानावर बारीक टाइपात ते छापलेलं असतं. ते तिथून काढा. जामीनदाराला स्वतंत्र पान द्या आणि सहीच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत लिहा: 'कर्जदाराने हप्ते भरले नाहीत तर ती रक्कम संस्था माझ्याकडून वसूल करू शकते. हे मला वाचून दाखवलं आहे आणि समजलं आहे.' मध्ये रकमेची जागा ठेवा आणि तो आकडा जामीनदाराने स्वतःच्या हाताने अक्षरी लिहायचा. काही लोक तिथे थांबतील, काही उठून जातील. संस्थेचं एखादं कर्ज अडेल, पण एखादं घर वाचेल. हे पान तुम्ही मनापासून करा, असं मला फार वाटतं.

आता पत्रांकडे वळू. कर्मचारी तुमचा नमुना सोडून मागचं पत्र का उघडतात, हे त्यांना न रागावता विचारलं आहे का? मला उत्तराचा अंदाज आहे. मागच्या पत्रावर साहेबांची सही झालेली असते, म्हणजे त्यातला शब्दन् शब्द पास झालेला असतो. तुमच्या नमुन्यात टिंबटिंबांच्या जागा असतात आणि त्यातलं काय चालेल याची त्यांना खात्री नसते. त्यांच्या बाजूने बघितलं तर मागचं पत्र हाच जास्त भरवशाचा नमुना आहे. तेव्हा प्रत्येक नमुन्याचा मजकूर व्यवस्थापकांकडून एकदा मंजूर करून घ्या आणि तळाशी तसं लिहा: नमुना क्रमांक, आवृत्ती, मंजुरीची तारीख. 'हे चालतं' हे कागदानेच सांगितलं की भीती जाते.

दुसरं म्हणजे फाइल. तुम्ही नमुना साध्या वर्ड फाइलमध्ये दिला असेल तर त्यावरच लिहून सेव्ह होतं आणि पुढच्या माणसाला भरलेला नमुना मिळतो. 'सेव्ह ॲज' करताना वर्ड टेम्प्लेट हा प्रकार निवडा. मग त्यावर डबल क्लिक केलं की दर वेळी नवी, बिननावाची प्रत उघडते आणि मूळ नमुना शाबूत राहतो. आणि शाखेतल्या संगणकावर जाऊन तो स्वतः उघडून बघा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन दिसतं. कदाचित एखाद्या शाखेने तुमचा नमुना कधी वाचलेलाच नसेल. सगळं युनिकोडमध्ये करून घ्या.

नोटिशीची चूक मात्र फॉन्टची नव्हती. एकाच पत्रात नाव वर एकदा, मध्ये एकदा, रक्कम खाली, खातं क्रमांक संदर्भात, असं चार ठिकाणी बदलायचं असेल तर एक जागा राहणारच, कितीही जपून काम करा. उपाय आहे वर्डमधली मेल मर्ज ही सोय, जी यादीतली माहिती पत्रात आपोआप भरते. एक्सेलमध्ये एका कर्जदाराला एक ओळ: नाव, पत्ता, खातं, थकीत रक्कम, भरायची तारीख. पत्रातल्या सगळ्या जागा त्याच ओळीतून भरतात, त्यामुळे एकाच्या नावाला दुसऱ्याची रक्कम चिकटत नाही. ज्यांना एखादंच पत्र काढायचं आहे त्यांच्यासाठी सोपी युक्ती आहे. भरायच्या प्रत्येक जागी एकच ठरलेली खूण टाका, उदाहरणार्थ ◆◆. छापण्याआधी कंट्रोल-एफ दाबून ◆ शोधायचं. एक जरी सापडला तरी पत्र तयार नाही. नमुन्यात नमुन्यादाखल कोणाचंही नाव किंवा आकडा टाकू नका, तो कधीतरी तसाच छापला जातो.

आणि नोटिशीचा मजकूर एकदा ती हातात पडणाऱ्या माणसाच्या जागी बसून वाचा. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' पासून सुरू होऊन रक्कम पाचव्या ओळीत येते. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात. किती, कधीपर्यंत आणि कोणाला भेटू. त्या पहिल्या दोन ओळींत द्या: 'तुमच्या कर्ज खात्यावर इतके रुपये थकले आहेत. ते अमुक तारखेपर्यंत भरा. अडचण असेल तर शाखाधिकाऱ्यांना भेटा. रक्कम आधीच भरली असेल तर पावती दाखवा.' टिपणीबद्दल फार सांगायला नको. मागणी पहिल्या ओळीत, ठरावाचा मसुदा शेवटी, मधलं एका पानात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी मी सांगते. ज्या गृहस्थांना चुकीची नोटीस गेली, त्यांच्याकडे संस्थेतून कोणी गेलं का? तुमच्या गावात थकबाकीची नोटीस घरी येणं म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि ज्यांची रक्कम भलत्याच माणसाने वाचली, त्या दुसऱ्या कर्जदारालाही हे कळायला हवं. व्यवस्थापकांच्या सहीचं माफीचं पत्र घेऊन दोघांकडे जाऊन या. नमुने सुधारेपर्यंत थांबू नका.

नवा अर्ज तयार झाला की लगेच छापखान्यात देऊ नका. पाच प्रती काढा आणि कार्यालयाबाहेरच्या पाच जणांना भरायला द्या. भाजीवाल्या मावशी, शाळेतले शिपाई, नुकतं लग्न होऊन आलेली एखादी सून, ज्यांचं तुमच्याकडे कर्ज आहे असे एखादे आजोबा. शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड जातं. त्यांचं पेन थांबलं की आपल्या तोंडून आपोआप निघतं, "तिथे ना, तुम्ही..." ते निघू द्यायचं नाही, कारण शाखेत त्यांच्या शेजारी तुम्ही नसणार. पेन कुठे थांबलं तेवढं लिहून ठेवा, आणि भरून झाल्यावर विचारा की इथे काय वाटलं. पाचांतले तीन एकाच जागी थांबले तर त्या रकान्याचा निकाल लागला.

मग एकाच शाखेत महिनाभर चालवा. झेरॉक्स वापरणाऱ्या त्या दोन शाखांपैकी एक निवडलीत तर उत्तम, कारण जुना अर्ज त्यांना का आवडतो हे त्यांच्याकडूनच कळेल. कदाचित छापील अर्ज त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचत नसतील. कदाचित नऊ पानांचा झेरॉक्सचा खर्च सभासदावर पडतो म्हणून तिथली कारकून बाई चार पानांचा देत असेल. तसं असेल तर तिला दंडाच्या यादीत टाकण्याऐवजी नव्या नमुन्याच्या कामात शेजारी बसवा. नवा अर्ज सगळीकडे सुरू कराल त्या दिवशी जुने गठ्ठे शाखांतून स्वतः उचलून आणा, नुसतं परिपत्रक काढून ते जात नाहीत. आणि महिनाभर कोणी जुन्या अर्जावर आलं तर त्याला परत पाठवू नका. त्याचा त्यात काही दोष नाही.

शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, गृहनिर्माण संस्था इथे काम करणारे बरेच वाचक मला असंच काहीतरी लिहितात. त्यांनीही तीस अर्जांची मोजणी करून बघावी. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही आणि खर्च तीन पेन्सिलींचा आहे.

तुमची मोजणी झाली की सगळ्यात जास्त निळ्या रेघा कोणत्या रकान्यात पडल्या तेवढं मला जरूर कळवा. माझा अंदाज आहे 'इतर संस्थांकडील कर्जाचा तपशील'. आणि हिरव्या रेघांजवळ समासात लोकांनी काय लिहिलं आहे, ते त्यांची नावं गाळून त्यांच्याच शब्दांत उतरवून पाठवलंत तर मला ते वाचायला आवडेल.